प्लॅनिंगकाका

रस्त्यात भेटलेल्या माणसाला आपण सहज म्हणतो, "एकदा या हो घरी." तोही म्हणतो, "येऊ की." पुढच्या वळणावर दोघंही ते विसरतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. कर्जतला, दहिवलीत, आमच्या गल्लीतल्या प्लॅनिंगकाकांना मात्र असं म्हणायची सोय नाही. ते जागच्या जागी थांबतात. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "तारीख बोला."

"तारीख अशी नाही हो काका, कधीही या."

"कधीही म्हणजे कधीच नाही. बरं. टाकून ठेवतो."

'टाकून ठेवतो' ऐकलं की नवख्या माणसाला वाटतं, सुटलो. जुनी माणसं मनातल्या मनात कपाळाला हात लावतात. कारण त्या रात्री जेवणं उरकल्यावर काका लॅपटॉप उघडणार आणि 'अमक्यांच्या घरी जाणे' हे काम तारखेविना, कालावधीविना त्यांच्या फायलीत ओळ होऊन बसणार. दोनेक महिन्यांनी तुम्ही बँकेच्या रांगेत पासबुक घेऊन उभे असताना मागून आवाज येणार, "तुमचं एक काम माझ्याकडे पडून आहे."

काकांची सगळी नोकरी खोपोलीच्या एका कारखान्यात, प्लॅनिंग खात्यात गेली. वर्षातून एकदा कारखाना बंद ठेवून मोठी दुरुस्ती काढायचे, तिला शटडाऊन म्हणत. त्या शटडाऊनचा तासातासाचा हिशेब काकांकडे. सुरुवातीला मोठ्या ग्राफपेपरवर, रंगीत स्केचपेनांनी. काम वेळेत असलं की पट्टी निळी, रेंगाळलं की लाल. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला ही पट्ट्यांची पद्धत रूढ केली. साइटवर तिला सरळ 'बार चार्ट' म्हणतात आणि गँटसाहेबांचं नाव कुणाला ठाऊक नसतं. काकांना ठाऊक आहे, आणि ते संधी मिळाली की सांगतात. पुढं कारखान्यात कंप्युटर आले आणि त्यांच्यामागून मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आलं. 1984 साली डॉससाठी निघालेलं हे सॉफ्टवेअर काकांच्या हाती पडलं ते 'प्रोजेक्ट 98' होऊन. काकू सांगतात, मुलाला दहावीला किती टक्के पडले ते यांना आठवत नाही, पण ज्या कामांवर सगळा प्रकल्प अडतो त्यांची साखळी, म्हणजे पहिला क्रिटिकल पाथ, स्क्रीनवर लाल उमटला तो वार आठवतो. (आतल्या खोलीतून: "गुरुवार.")

निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात. काकांनी घराचा बार चार्ट केला.

त्या सॉफ्टवेअरची एक लकब आहे. तुम्ही नुसतं कामाचं नाव लिहिलंत आणि किती दिवस लागतील ते सांगितलं नाहीत, तर ते आपलं आपण 'एक दिवस' धरतं आणि पुढं प्रश्नचिन्ह ठेवतं. म्हणजे हा आमचा अंदाज, खरंखोटं तुम्ही बघा. हे प्रश्नचिन्ह काकांच्या बोलण्यात उतरलंय. प्लंबर म्हणतो, "एका दिवसात उरकतो साहेब." काका भुवई चढवून विचारतात, "प्रश्नचिन्हासकट की सोडून?" आता आमच्या भागातले मिस्त्री, वायरमन, रंगारी सगळे त्याला सरावलेत. टाक्या साफ करणारा तर आपणहून सांगतो, "दोन दिवस, अन् वर प्रश्नचिन्ह."

काकांच्या आयुष्यात खरी उलथापालथ केली ती 2010 च्या आवृत्तीनं. तोवर कायदा असा होता की काम लिहिलं की त्याला तारीख चिकटायचीच. तुम्ही दिली नाहीत तर प्रकल्प सुरू होण्याची तारीख सॉफ्टवेअर स्वतःच डकवायचं. बिनतारखेचं काम त्या राज्यात जन्मालाच येत नसे. 2010 मध्ये मायक्रोसॉफ्टनं हातानं नियोजन करायची मुभा दिली. तारखेचा रकाना कोरा ठेवा, चालेल. कालावधी कोरा ठेवा, चालेल. इतकंच काय, तारखेच्या रकान्यात आकड्यांऐवजी शब्द लिहा, तेही चालेल. अशा कामासमोर एक टाचणी दिसते, आणि माहिती अगदीच अपुरी असेल तर टाचणीला पुन्हा प्रश्नचिन्ह.

काका हादरले. "तारखेच्या रकान्यात अक्षरं? उद्या पगाराच्या रकान्यात 'देव देईल तेवढा' लिहितील!" बरेच दिवस त्यांनी त्या सोयीला हात लावला नाही. मग एका रात्री, काकू झोपल्यावर, त्यांनी 'गच्चीचं वॉटरप्रूफिंग' या कामापुढे, तारखेच्या जागी, हळूच एक शब्द टाइप केला: 'पावसानंतर'. सॉफ्टवेअरनं हूं की चूं केलं नाही. काकांचं मत असं की त्या रात्री अमेरिकेनं कर्जतपुढे हात टेकले.

आणि मला विचाराल तर काका बरोबर आहेत. आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात कामांना तारखा नसतात, ऋतू असतात. मृग लागला की पेर, जुलैत आवणी म्हणजे भाताची लावणी, दिवाळीच्या आगेमागे भातकापणी. आवणीच्या दिवसांत बिगारी मिळत नाही, कारण तो कुणाच्या तरी चिखलात वाकलेला असतो. दिवाळी झाली की वीटभट्ट्यांचे मुकादम फिरू लागतात आणि वाड्यांवरची निम्मी माणसं तिकडं जातात. तलाठ्याकडं फेरफार 'साहेब आल्यावर' होतो. मोजणी 'दोन्ही भाऊ गावी आले की' होते. कुंपण 'भातं निघाल्यावर' पडतं आणि घराला रंग 'पोरीचं ठरलं की' लागतो. खुद्द आगगाडीची तऱ्हा तीच. 1907 साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी आजही पाऊस लागला की नेरळ ते अमन लॉज बंद होते आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा डोंगर चढू लागते. जिथं रेल्वेसुद्धा ढगाकडं बघून वेळापत्रक लावते, तिथं आमच्या प्लंबरनं काय पाप केलंय?

काकांनी यावर तोड काढली. त्या सॉफ्टवेअरचं मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, मध्ये बारा ते एक जेवण. शनिवार-रविवार सुट्टी. हे कॅलेंडर ज्यानं केलं तो कर्जतला कधी आला नसणार. इथं शनिवार-रविवारीच मालक लोक मुंबईहून येतात आणि खरी धावपळ तेव्हाच होते. म्हणून काकांनी 'कर्जत' नावाचं वेगळं कॅलेंडर घडवलं. त्यात गणपतीचे दिवस, महडच्या वरदविनायकाची माघातली जत्रा, होळी, आणि जुलैतला एक लांबच लांब करडा पट्टा आहे. त्या पट्ट्याचं नाव 'आवणी'. तो पट्टा मुकादमाच्या एका प्रश्नातून जन्माला आला. काकांनी त्याला मोठ्या कौतुकानं रंगीत चार्ट दाखवला होता. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, समदं हाय. आमची आवणी कुठं हाय यात?"

मुकादम कसला, तर निवृत्तीनंतर काकांनी एक उद्योग पत्करलाय. मुंबई-ठाण्याच्या लोकांनी कशेळ्याकडं, खांडसच्या रस्त्याला जागा घेतल्या, तिथल्या फार्महाऊसांच्या बांधकामावर नजर ठेवायची. मालक दादरला, मुकादम साइटवर, मध्ये काका. पाया, प्लिंथ, स्लॅब, वीटकाम, गिलावा, ही कामं गुणी असतात. एकामागून एक येतात, चार्टमध्ये शहाण्यासारखी बसतात. छळतात ती मालकांची 'सहज' कामं. मालकांचा फोन येतो तो साधारण रात्री साडेनऊला, आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "काका, सहज आठवलं म्हणून सांगतो." सहज आठवलं की न्हाणीघराचं दार पलीकडं हवं होतं. सहज आठवलं की मेहुण्यांच्या बंगल्याला आहे तशी एक खिडकी आपल्यालाही हवी. बांधकामाच्या भाषेत याला एक्स्ट्रा आयटम म्हणतात आणि कंत्राटदारांची मुलं त्यावर इंजिनिअर होतात.

काका अशी प्रत्येक गोष्ट टाकून ठेवतात. कुठं, तेही सांगतो. 2010 च्याच आवृत्तीत एक खास पडदा आहे, त्यात डावीकडं माणसांची नावं, त्यांना लागून एक अरुंद रकाना, आणि उजवीकडं तारखांचं लांबलचक मैदान. तो अरुंद रकाना म्हणजे 'अनशेड्यूल्ड टास्क्स'. काम माणसाच्या नावावर आहे, पण केव्हा ते ठरलेलं नाही, अशांसाठी. तळाला आणखी एक कप्पा आहे, तिथं कुणाच्याच नावावर नसलेली कामं पडतात. (सोसायटीच्या सगळ्या सभा या तळाच्या कप्प्यासाठीच भरतात असं माझं निरीक्षण आहे.) रकान्यातलं काम माऊसनं उचलून एखाद्या तारखेवर ठेवलं की ते मार्गी लागलं. काकांचा रविवार सकाळचा कार्यक्रम हाच. आंघोळ, पूजा, मग गूळ घातलेला चहा आणि डाव्या रकान्याचा आढावा. त्या तासाभरात घरात मोठ्यानं बोलायचं नाही. काका एकेक ओळ वाचतात, पुटपुटतात, "हं, तुझं काय करू या," आणि बहुतेक वेळा ती होती तिथंच ठेवून पुढच्या ओळीवर जातात. हे बघून मी एकदा विचारलं, "काका, हलवत काहीच नाही, मग वाचता कशाला?" ते म्हणाले, "हलवायला नाही, हजेरी घ्यायला."

या हजेरीचा एक किस्सा आमच्याकडं प्रसिद्ध आहे. एका फार्महाऊसचा स्लॅब पडून बरेच दिवस झाले होते. मालक आपल्या आईला घेऊन साइट दाखवायला आले. आजी व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथं झोपाळा हवा होता रे." मालकाचा चेहरा पडला. झोपाळ्याच्या कड्या स्लॅब ओतण्याआधी सळ्यांमध्ये अडकवून सोडाव्या लागतात. नंतर छताला भोकं पाडत बसणं हे जिवावरचं काम. "आई, आधी बोलली असतीस तर..." काका काही बोलले नाहीत. त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं. छतातून चार कड्या खाली डोकावत होत्या. झालं होतं असं की भूमिपूजनाच्या दिवशी पेढा खाताना आजी एकदा झोपाळ्याचं बोलल्या होत्या, तेही शेजारच्या बाईंशी. काकांच्या रकान्यात ओळ होती: 'झोपाळा', कालावधी प्रश्नचिन्ह, तारखेच्या जागी 'आजी म्हणाल्या'. स्लॅबच्या आदल्या रविवारच्या हजेरीत ती ओळ बोलली. मालकानं काकांना मिठी मारली. काका संकोचले आणि म्हणाले, "याचे कड्यांचे पैसे वेगळे लावलेत."

घरात मात्र ही विद्या इतकी फळत नाही. कर्जतला राहणाऱ्या माणसाची एक अडचण मुंबईकराला कळायची नाही. मुंबईपासून आम्ही लांब राहतो म्हणून एरवी कुणी येत नाही, आणि जवळ राहतो म्हणून पावसाळ्यात सगळे येतात. "महडला दर्शनाला आलो होतो, म्हटलं वाट थोडी वाकडी करू." "कोंडाण्याची लेणी बघून येताना मुलं भिजली, म्हटलं काकूंकडं कपडे बदलू." ही माणसं पळसदरीला असताना फोन करतात, म्हणजे भाताचा कुकर लावायलाही पुरेसा वेळ मिळू नये. काकांच्या फायलीत 'पाहुणे' नावाचं एक काम कायमचं आहे. तारीख नाही, कालावधी नाही, नावावर काकू.

एका आषाढी रविवारी तीन गाड्या एकदम आल्या. रात्री काकांनी सगळं नोंदवलं आणि काकूंच्या नावावरच्या कामापुढं लाल माणसाचं चित्र उगवलं.

"हा लाल माणूस कोण?" काकूंनी मागून विचारलं.

"म्हणजे असं की, तुझ्यावर क्षमतेपेक्षा जास्त काम पडलंय, असं ते दाखवतंय."

"हे कळायला कंप्युटर लागला?"

काका काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे त्यांनी केले. मीठ जास्त होतं. काकूंनी ते खाल्ले आणि म्हणाल्या, "यालाही लावा प्रश्नचिन्ह."

काकांचा पुतण्या ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो जिरा नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. दिवाळीला आला की काका-पुतण्यात जुंपते आणि आम्ही शेजारी फराळाचं ताट घेऊन ऐकायला बसतो. पुतण्याचं म्हणणं, बिनतारखेची कामं हा रोग नाहीच. आमच्याकडं त्यांचा ढीगच असतो, त्याला बॅकलॉग म्हणतात, आणि तो मुद्दाम बिनतारखेचा ठेवतात. फक्त त्यात क्रम लावायचा. महत्त्वाचं वर, बाकीचं खाली. दर दोन आठवड्यांनी वरची चार कामं उचलायची आणि पुरी करायची, त्याला स्प्रिंट म्हणायचं. तारीख नको, रांग हवी.

"तारीख नाही आणि रांग आहे," काका म्हणाले. "म्हणजे रेशनचं दुकान."

पण ते विचारात पडले होते. त्या रात्री त्यांनी डाव्या रकान्यातल्या सगळ्या कामांना क्रमांक द्यायला घेतले. पहिल्या क्रमांकासाठी काकूंचा सल्ला घेतला. काकूंनी क्षणाचाही वेळ न लावता सांगितलं, "स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी. पावसाळ्यात किडे येतात." काकांनी ती एक नंबरवर घेतली. पुढच्या दिवाळीला पुतण्यानं विचारलं, "काकू, जमली का नवी पद्धत?" काकू म्हणाल्या, "हो. जाळी अजून पहिली आहे. पहिला नंबर सोडलेला नाही."

याच फायलीत एक ओळ मी चुकून बघितली. 'पेटी शिकणे', नावावर खुद्द काका. ती करड्या अक्षरांत होती आणि तिच्यावर आडवी रेघ. सॉफ्टवेअरमध्ये काम निष्क्रिय करायची सोय आहे. ते करड्या अक्षरांत, खोडलेलं दिसतं, वेळापत्रकावर त्याचा काही भार पडत नाही, पण ओळ जागेवर राहते. मी म्हटलं, "काका, नाही करायचं तर काढूनच टाका ना." काका म्हणाले, "खोडलंय. काढलं नाही." आणि विषय बदलून त्यांनी मला गच्चीच्या गळतीकडं नेलं.

कुणी "अहो, अचानक झालं, त्यात प्लॅनिंग काय करणार" असं म्हणालं की काका त्याला बोरघाटात नेतात. तोंडानंच. कर्जत स्टेशनवर गाडीला बँकर इंजिनं लागतात ती सगळ्यांनी बघितलेली असतात. ती ज्या चढासाठी लागतात तो घाट बांधला कसा, हे काका सांगतात. काम सुरू झालं 1856 मध्ये. पहिला ठेकेदार फेव्हिएल, त्यानं 1859 मध्ये ठेका सोडला. मग विलायतेहून सॉलोमन ट्रेडवेल आला आणि इथं पाय ठेवल्यावर काही दिवसांतच आजारानं गेला. "आता सांगा," काका आवाज चढवतात, "हे कुठल्या बार चार्टमध्ये बसतं? मुख्य ठेकेदार वारला. हजारो मजूर डोंगरावर. तुम्ही काय केलं असतंत? सोसायटीची सभा बोलावली असतीत." त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनं ठेका आपल्याकडं घेतला, अ‍ॅडमसन आणि क्लाऊझर या दोन इंजिनिअरांना कामावर नेमलं, आणि 25 बोगद्यांचा तो घाट 1863 मध्ये वाहतुकीला खुला झाला. "बाईंनी रिसोर्स बदलला, काम थांबवलं नाही!" हे वाक्य म्हणताना काका उभे राहतात. काकू आतून म्हणतात, "बाईंनीच ना?"

अलीकडच्या मोठ्या कामांवरही त्यांची नजर असते. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग, सुमारे साडेएकोणतीस किलोमीटर, त्यातला वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा. तिकडं खोपोलीपासून कुसगावपर्यंतचा एक्स्प्रेस वेचा मिसिंग लिंक. पेपरात अशा कामांची नवी मुदत छापून आली की ते कात्री घेतात. जुनी तारीख पुसायची नाही, ती बेसलाइन म्हणून जपून नवी तारीख तिच्याखाली मांडायची, ही त्यांची शिस्त. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये एका फायलीत अकरा बेसलाइन ठेवता येतात. "अकरात भागतं का बघायचं," असं ते म्हणतात. यात टिंगल नसते. उलट मुदत सरकली की त्यांना त्या अनोळखी प्लॅनरचीच काळजी वाटते. त्यालाही कुणी तरी रात्री साडेनऊला 'सहज' फोन करत असणार.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की अशा माणसावर अवचित काही आलं तर तो लॅपटॉप शोधत बसेल. मलाही तसंच वाटायचं. मग एका जुलैत उल्हास नदी चढली. दुपारपासून पाऊस धो धो, संध्याकाळी लाईट गेली आणि रात्री पाणी आमच्या खालच्या मजल्याच्या पायऱ्यांवर आलं. काका लुंगी खोचून, हातात बॅटरी घेऊन उतरले. तळमजल्यावरच्या दोन म्हाताऱ्यांना वर नेलं. मीटरचा मेन स्विच पाडला. कुणाचं तरी तांदळाचं पिंप खांद्यावर घेऊन दोन जिने चढले. पलीकडच्या चाळीत एक बाळंतीण होती, तिच्यासाठी कमरेभर पाण्यातून दूध घेऊन गेले. त्या रात्री त्यांनी कुणालाही तारीख विचारली नाही, किती वेळ लागेल ते विचारलं नाही, आणि कोणतं काम आधी, कोणतं नंतर, यावर एक शब्द बोलले नाहीत. क्रम त्यांच्या अंगातच होता.

पाणी उतरलं, दोन दिवसांनी लाईट आली, आणि काकांनी लॅपटॉप उघडला. 'आजींना वरच्या मजल्यावर नेणे', पूर्ण, 100 टक्के. 'मेन स्विच बंद करणे', 100 टक्के. 'दूध', 100 टक्के. झालेली कामं आधी लिहायची आणि लगेच त्यांच्यावर बरोबरची खूण करायची, यात त्यांना जे सुख लागतं ते सत्यनारायणाच्या प्रसादातही लागत नसावं. (हसू नका. आधीच केलेलं काम यादीत लिहून मग त्यावर काट मारणारी माणसं प्रत्येक घरात एक तरी असतात.)

काकू बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "झाल्यावर कशाला लिहिता?"

"नाही लिहिलं तर झालं याला पुरावा काय?"

"मग माझंही एक लिहा. 'जिन्यात उभं राहून यांची वाट बघणे.' कालावधी साडेतीन तास."

काकांनी मान वर केली नाही. ती ओळ त्यांनी लिहिली. नावापुढं काकू, कालावधी साडेतीन तास, पूर्ण 100 टक्के. प्रश्नचिन्ह नाही.

मग त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या ओळीवर माऊस नेला, ती उचलली आणि पहिल्यांदाच उजवीकडच्या मैदानात एका तारखेवर ठेवली. शनिवार होता. सुतारही ठरला. पण आवणी सुरू होती, सुताराचं शेत होतं, आणि तो गेला तो आलाच नाही. ओळ पुन्हा डाव्या रकान्यात येऊन बसलीय.

तेव्हा वाचकहो, खिडकीला किड्यांची जाळी नीट बसवून देणारा एखादा सुतार माहितीत असेल तर कळवा. कर्जतचा, नेरळचा, खोपोली-खालापूरकडचा, कुठलाही चालेल. फक्त त्याला सांगून ठेवा की रविवारी सकाळी येऊ नकोस. तेव्हा हजेरी चालू असते.